चार कोपरे

जुलैतला गुरुवार. सहाला उद्घाटन, आणि दुपारी अडीचला मी कुलाब्यातल्या त्या गॅलरीत पाणसळ धरून शेवटचं चित्र सरळ करत होतो. ही गॅलरी रस्त्यावरून दिसतच नाही. जुनी इमारत, झिजलेला लाकडी जिना, दुसऱ्या मजल्यावर बंद दार, बेलखाली बोटभर पाटी. आत मात्र दोन शुभ्र खोल्या. जहांगीर आर्ट गॅलरीत माणूस फिरता फिरता शिरतो, इथे ठरवून यावं लागतं.

माझं गिरगावात फ्रेमिंगचं दुकान आहे आणि या कामाचा मला अभिमान आहे. केकू गांधींनी 1941 मध्ये केमोल्ड ही कंपनी काढली ती फ्रेमांसाठीच. त्यांच्या दुकानात आरा, हुसेन या चित्रकारांची चित्रं लागू लागली आणि 1963 मध्ये जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी उभी राहिली.

पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आला आणि माझं लक्ष काचेमागे गेलं. हातकागदावरचं मोठं चित्र, आणि चारही कोपऱ्यांतून मध्याकडे ताणाच्या रेषा. सकाळी त्या नव्हत्या. कारण लगेच कळलं. दुकानातल्या पोराने कागद चारही कोपऱ्यांना चिकटवला होता. गिरगावच्या दमट हवेत कागद फुगलेला, इथे एसीत तो आकसत होता आणि कोपरे त्याला सोडत नव्हते. पोराला वरच्या दोनच बिजागऱ्या, म्हणजे चित्र टांगून धरणाऱ्या कागदी पट्ट्या, लावायला शिकवलं होतं, पण फ्रेमची पाठ बंद करण्याआधी तपासायचं काम माझं होतं. मी ते केलं नव्हतं.

गॅलरीच्या मॅडमना लपवाछपवी न करता सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. "दादा, फाटणार नाही ना?"

"असाच ठेवला तर फाटेल."

टेबलावर स्वच्छ चादर अंथरली, फ्रेम पालथी केली, पाठीचे बारीक खिळे काढले. सुदैवाने पोराने गव्हाची खळ वापरली होती. पांढरा गोंद असता तर माझ्याच्याने काही झालं नसतं. बारीक ब्रशने पाण्याचा थेंब, मग थांबायचं. हे थांबणं फार कठीण. घाई केली की कागदाचा थर सोलून निघतो. पहिला खालचा कोपरा वीस मिनिटांनी सुटला, दुसरा त्याहून हट्टी. मग वरचे कोपरे सोडवून तिथे जपानी कागदाच्या दोन नव्या बिजागऱ्या, त्यांच्यावर टीपकागद आणि वजन. साडेपाचला चित्र परत भिंतीवर, मध्य जमिनीपासून 58 इंचांवर. रेषा पूर्ण गेल्या नव्हत्या, पण ताण गेला होता.

मी एरवी उद्घाटनाला थांबत नाही, अवजारं घेऊन निघतो. त्या दिवशी भिंतीला टेकून उभा राहिलो. भिजलेल्या छत्र्या घेऊन लोक आले, दार उघडंच राहिलं, बाहेरची ओली हवा आत आली. तासाभराने जवळ जाऊन पाहिलं, तर कागदाची खालची मोकळी कड केसभर पुढे आली होती आणि रेषा आणखी पुसट झाल्या होत्या.