चालुक्यांच्या वारशासाठी उघडलेला कन्सोल : माझा अनुभव

‘क्रुसेडर किंग्ज ३’ हा पॅराडॉक्स कंपनीचा २०२० साली आलेला, राजघराणी चालवण्याचा संगणकीय खेळ आम्हा कराडकरांना विशेष जवळचा वाटावा, कारण त्याच्या नकाशावर दख्खन आहे आणि १०६६ सालापासून सुरुवात केली तर कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य हाती घेता येते. त्या काळी कराड शिलाहारांकडे होते आणि ते चालुक्यांचे मांडलिक होते. चालुक्य राजा विक्रमादित्य सहावा याची राणी चंद्रलेखा ही याच शिलाहार घराण्यातली. तिच्या स्वयंवराचे वर्णन बिल्हण कवीने केले आहे.

चालुक्य राजा सोमेश्वर पहिला १०६८ मध्ये निवर्तला, थोरला मुलगा सोमेश्वर दुसरा गादीवर बसला आणि १०७६ मध्ये धाकट्या विक्रमादित्याने त्याला दूर सारून राज्य घेतले. थोरल्याकडे गादी असताना धाकट्याच्या बाजूला बळ कसे जमते, हे खेळाच्या नियमांतून मला पाहायचे होते. पण खेळातला राजा इतिहासाचे वर्ष पाहून मरत नाही, तो आणखी वीस वर्षेही जगू शकतो. म्हणून कन्सोलचा, म्हणजे खेळाला थेट लेखी आज्ञा देण्याच्या चौकटीचा, आधार घेतला.

कन्सोल आपोआप उघडत नाही. स्टीम या खेळ विकत घेऊन चालवण्याच्या अ‍ॅपच्या यादीत खेळाच्या नावावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जावे लागते आणि तिथल्या लाँच ऑप्शन्सच्या चौकटीत वजाचिन्ह, त्याला लागून डीबग, मग खालची रेघ आणि मोड असे सलग इंग्रजीत लिहावे लागते. त्यानंतर खेळ सुरू केला की एस्केपखालच्या, म्हणजे एक आकड्याच्या डावीकडच्या कळीने कन्सोल उघडतो. मराठी टंकलेखनासाठी कळफलक बदललेला असेल, तर तो आधी इंग्रजीवर आणावा. आयर्नमॅन पद्धतीच्या, म्हणजे मागच्या जतन केलेल्या जागी परतू न देणाऱ्या, खेळात कन्सोल चालत नाही, त्यामुळे साधा खेळ सुरू करून कोणतीही आज्ञा देण्याआधी वेगळ्या नावाने तो जतन करणे मी आवश्यक मानतो.

डीबग मोडमध्ये एखाद्या व्यक्तीवर कर्सर नेला की तिचा क्रमांक दिसतो, आणि बहुतेक महत्त्वाच्या आज्ञांना तोच क्रमांक लागतो. मी खेळ १०६८ पर्यंत येऊ दिला आणि ‘किल’ लिहून त्यापुढे राजाचा क्रमांक दिला. वारसा त्याच क्षणी लागू झाला. त्या काळच्या कॉन्फेडरेट पार्टिशन या वाटणीच्या नियमाप्रमाणे मुख्य किताब, म्हणजे राज्याची मुख्य पदवी, थोरल्याला मिळतो आणि उरलेले मुलांमध्ये वाटले जातात. इतकेच नव्हे, तर एखादा बरोबरीचा किताब निर्माण करण्याजोगी जमीन बापाकडे असेल, तर तो नव्याने निर्माण होऊन धाकट्याला जातो. हे वाचून समजणे वेगळे आणि नकाशावर रंग दुभंगताना पाहणे वेगळे.

सांगलीचा माझा मामेभाऊ त्या वेळी शेजारी बसला होता. तो म्हणाला, “दादा, आधी खजिना भर, मग कोण उठतंय ते बघू.” त्याचे म्हणणे मला पटले नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच तिचा परिणाम कळतो, म्हणून आधी काहीही न देता खेळ पुढे नेला. राजा नवा असला की अल्प राजवटीमुळे मांडलिकांचे मत आधीच घसरलेले असते, आणि त्यातून दावेदाराच्या बाजूने गट उभा राहतो. मग जतन केलेल्या जागी परत येऊन ‘गोल्ड ५०००’ दिले. त्या पैशातून भेटी दिल्यावर मते सुधारली, पगारी पलटणी उभारल्यावर गटाचे बळ राजाच्या तुलनेत कमी झाले. मात्र भेटीचा प्रभाव काळानुसार ओसरतो आणि धाकट्याचा दावा काही सोन्याने पुसला जात नाही. माझ्या दृष्टीने साऱ्या खटाटोपात हेच हाती लागलेले सर्वांत मोलाचे उत्तर होते.

‘येसमेन’ ही आज्ञा मी जाणीवपूर्वक टाळली, कारण तिने समोरचा प्रत्येक राजा प्रत्येक प्रस्ताव मान्य करतो आणि मग वारशाच्या राजकारणात पाहण्यासारखे काही उरतच नाही. ‘इन्स्टाबिल्ड’ने बांधकामे तत्काळ पुरी होतात, पण माझ्या प्रश्नाशी तिचा संबंध नव्हता. याउलट ‘प्ले’ फार उपयोगी पडली. तिच्यापुढे धाकट्या भावाचा क्रमांक दिला की आपण त्याच्या जागी बसतो. कोणते मांडलिक थोरल्यावर नाराज आहेत आणि आपल्या दाव्याला कोणाची साथ मिळू शकेल, हे मग त्याच्या बाजूने तपासता येते. नंतर ‘ऑब्झर्व्ह’ देऊन मी दोघांपासूनही दूर झालो आणि खेळ आपल्या गतीने चालू दिला. जतन केलेल्या त्याच जागेवरून कधी थोरला टिकला, कधी नाही.

हे समाधान झाल्यावर लाँच ऑप्शन्समधील ओळ मी पुसली आणि आता आयर्नमॅनमध्ये त्याच १०६६ सालापासून खेळतो आहे. राजाला मूल होताच वाटणीचा हिशेब करू लागतो आणि राजेपदाचे नवे किताब शक्यतो निर्माणच करत नाही.