मागच्या चाकांवर हिवाळा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दर हिवाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच: "ही एवढीशी बुटकी गाडी, तीही मागच्या चाकांवर चालणारी, आणि तुम्ही बर्फात काढता? चार महिने झाकून का ठेवत नाही?" विचारणाऱ्याला काळजी वाटत असते आणि ती रास्त आहे. म्हणून "चालते हो" एवढ्यावर भागवण्याऐवजी नीट सांगते.

गाडी चालते. रोज, कामाला जायला-यायला. पण ती कशाच्या बळावर चालते आणि कुठे पोचल्यावर चालायची थांबते, हे दोन्ही एकत्रच सांगायला हवं. पहिलं सांगून दुसरं गाळलं, तर ते ऐकून गाडी बाहेर काढणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

माझी गाडी टोयोटा जीआर ८६. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, गिअर हाताने टाकायचे. वजन पावणेतेराशे किलो, त्यातलं साधारण ५३ टक्के पुढे आणि ४७ टक्के मागे. तळ जमिनीपासून जेमतेम १३ सेंटिमीटर वर. हीच गाडी थोड्या फरकाने सुबारू बीआरझेड म्हणूनही विकली जाते आणि दोन्ही सुबारूच्याच कारखान्यात तयार होतात. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने मुद्दाम मागच्या चाकांवर ठेवलेली ही गाडी. मला त्यांचं ते धाडस आवडतं.

मागच्या चाकांवरची गाडी बर्फात निकामी, हा समज तसा अलीकडचा. व्होल्वो २४० स्वीडनमध्ये १९७४ ते १९९३ अशी जवळजवळ दोन दशकं बनत होती, आणि ती मागच्याच चाकांवर चालायची. त्या गाडीत मुलाबाळांना घालून लोकांनी हिवाळेच्या हिवाळे काढले. त्याच देशातली साब पुढच्या चाकांवर गाड्या बनवायची आणि थांबलेल्या जागेवरून निघताना त्या वरचढ ठरायच्या, याबद्दल वाद नाही. पण एक गाडी वरचढ म्हणून दुसरी टाकाऊ होत नाही.

आता मुद्द्याचं. माझं अर्ध्याहून जास्त उत्तर चार टायरांत आहे.

स्पोर्ट्स कारबरोबर बहुतेक वेळा उन्हाळी टायर येतात. त्यांचं रबर उबेत डांबराला घट्ट धरतं, पण पारा ७ अंशांच्या आसपास आला की कडक व्हायला लागतं, आणि शून्याखाली बर्फावर त्या टायरांना पकड अशी राहतच नाही. ट्रॅकसाठी बनवलेल्या काही टायरांच्या बाबतीत तर उत्पादक बजावूनच ठेवतात की कडाक्याच्या थंडीत गाडी हलवलीत तर रबराला तडे जातील. "मागच्या चाकांवरची गाडी बर्फात फिरकी घेते" अशा ज्या गोष्टी तुम्ही ऐकता, त्यांतल्या बऱ्याच गोष्टींत दोष चाकं पुढची की मागची याचा नसतोच, टायरचा असतो.

हिवाळी टायर एकदा हातात धरून बघा. रबर बोटाने दाबलं की थंडीतही दबतं. वरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या नागमोडी चिरा असतात. चाक फिरताना ठोकळा जरासा वाकतो, चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फावर रोवल्या जातात. मोठ्या खाचांमध्ये बर्फ ठासून बसतो आणि तोच रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. बर्फाला बर्फाइतकं चांगलं दुसरं काही धरत नाही. ही विद्या जुनी आहे. फिनलंडच्या नोकियानने १९३४ साली मालमोटारींसाठी पहिला हिवाळी टायर काढला, आणि दोन वर्षांनी साध्या गाड्यांसाठी हाक्कापेलीट्टा आणला. ते नाव आजही चालू आहे.

टायर घेताना कडेवरचं चिन्ह बघायचं: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असलं तर त्यावर विसंबू नका. ती अक्षरं टायर बनवणारा आपली आपण घालू शकतो, डोंगराचं चिन्ह मात्र बर्फावरची चाचणी पार केल्यावरच मिळतं. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यावर डोंगराचं चिन्ह असलेलेच टायर ग्राह्य धरतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. तुमच्याकडे सक्ती असो वा नसो, या गाडीला ते हवेतच.

आणि चारही. ताकद मागे जाते म्हणून मागचे दोनच बदलले, असं सांगणारे भेटतात तेव्हा मी कळकळीने थांबवते. त्यांची गाडी निघेल झकास, पण वळणार पुढच्या चाकांवर आणि ब्रेकचा मोठा भारही पुढच्याच चाकांवर येणार. मी उन्हाळ्यात १८ इंची रिम वापरते, हिवाळ्यात १७ इंची. रिम लहान म्हणून टायरची भिंत उंच मिळते, आणि बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात चाक आपटलं तर तीच वाचवते. हवाही बघत राहावी लागते: पारा साधारण साडेपाच अंशांनी उतरला की टायरमधल्या हवेचा दाब एक पीएसआयने (हवा भरताना मोजतात त्या एककाने) उतरतो.

आता तो दुसरा प्रश्न, "चारही चाकांना ताकद देणारी गाडी का नाही घेत?" तिचा फायदा निघताना आणि चढावर होतो, तो खरा आहे. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीला चार चाकांवरच असतात. ताशी ५० किलोमीटरवरून थांबायला कोरड्या डांबरावर साधारण १२ मीटर लागतात. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तेच अंतर ५० मीटरच्या घरात जातं आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर १०० मीटरच्या. हा नुसता पकडीचा हिशेब आहे. ब्रेक दाबायच्या आधी डोकं जेवढा वेळ घेतं तो यात धरलेलाच नाही. त्या ५० मीटरांत ताकद कुठल्या चाकांना जाते याने काही फरक पडत नाही. उलट चारही चाकांची गाडी इतकी सहज निघते की रस्ता किती निसरडा आहे याचा अंदाजच येत नाही. माझी गाडी पहिल्या दोन मीटरांतच सांगून टाकते. मला हे सांगणं फार मोलाचं वाटतं आणि हिवाळ्यात ही गाडी चालवण्यामागे माझं हेच मुख्य कारण आहे.

निघण्याचा तो क्षण जवळून सांगते. सिग्नलला रस्त्यावर बर्फ दाबून चकचकीत झालेला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, म्हणजे चाकांपर्यंत ताकद कमी पोचेल. क्लच हळूहळू सोडायचा आणि अॅक्सिलरेटरला पाय लागला न लागला इतपतच. पकड सुटायला आली की ते आधी सीटमध्ये कळतं, कंबरेखाली मागचा भाग किंचित तरंगल्यासारखा होतो. मग इंजिनाचा आवाज चढतो, गाडीचा वेग मात्र तिथेच. इथे पाय आणखी दाबला तर चाकं जागच्या जागी फिरून खालचा बर्फ वितळवतात आणि आपणच आपल्याखाली निसरडं करून ठेवतो. पाय केसभर मागे घेतला की चाकं पुन्हा धरतात. काही आठवड्यांत हे अंगवळणी पडतं. तोवर मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तर वाजवू द्यावा.

काही जण डिक्कीत वाळूची पोती टाकायला सांगतात. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजनच नसतं, तिथे ते ठीक. या गाडीच्या मागच्या चाकांवर आधीच सहाशे किलो आहेत. मागच्या आसापलीकडे आणखी भार लटकवला तर निघायला थोडी मदत होईल, पण वळणावर मागचं टोक एकदा सुटलं की तोच भार त्याला आणखी बाहेर ओढेल. मी डिक्कीत छोटं फावडं ठेवते आणि अडकलं तर चाकाखाली टाकायला थोडी वाळू. तेवढं पुरतं.

वजन आणि मागची चाकं यांचं नातं बघायचं असेल तर मॉन्टे कार्लो रॅलीकडे बघावं. भर हिवाळ्यात आल्प्सच्या घाटांत होणारी ही रॅली १९६८ साली व्हिक एलफर्डने पोर्शे ९११ मधून जिंकली, आणि १९६९ व १९७० साली ब्यर्न वाल्डेगॉर्डने, पुन्हा ९११ मधूनच. त्या गाडीचं इंजिन मागच्या आसाच्याही मागे असतं, म्हणून ताकद देणाऱ्या चाकांवर भरपूर भार पडतो आणि पकड मिळते. पण तोच भार वळणावर मागचं टोक फेकायलाही तयार असतो. ते सांभाळणाऱ्या हातांना मी मनापासून मानते.

घसरण्याबद्दल. मागचं टोक उजवीकडे गेलं तर स्टिअरिंग उजवीकडे, डावीकडे गेलं तर डावीकडे, आणि नजर जिथे जायचंय तिथे. हे सगळेच सांगतात. दोन गोष्टी मात्र कमी सांगितल्या जातात. एक म्हणजे स्टिअरिंग वेळेत परत आणणं. गाडी सरळ व्हायला लागली तरी हात तिथेच राहिले, तर ती दुसऱ्या बाजूला पहिल्यापेक्षा जोरात फिरते आणि बहुतेक वेळा घात त्या दुसऱ्या हेलकाव्यात होतो. दुसरी गोष्ट गिअर हाताने टाकायच्या गाडीची. निसरड्या उतारावर अॅक्सिलरेटरवरून पाय झटकन काढला, किंवा गिअर खाली टाकून क्लच एकदम सोडला, तर इंजिन फक्त मागच्याच चाकांना मागे ओढतं. परिणाम हलकेच हँडब्रेक ओढल्यासारखा होतो. अशा वेळी क्लच पूर्ण दाबायचा, म्हणजे चाकं मोकळी फिरतात आणि सावरतात.

हे वाचून येत नाही. मोकळं, सपाट, खांब आणि फुटपाथ नसलेलं मैदान बघायचं, तिथे गाडी न्यायला परवानगी आहे ना ते विचारायचं, आणि ताशी २० किलोमीटरने मुद्दाम मागचं टोक सोडून बघायचं. हातांना एकदा कळलं की रस्त्यावर घबराट होत नाही. शिकवणारी शाळा जवळ असेल तर त्याहून उत्तम.

स्टॅबिलिटी कंट्रोल मी रस्त्यावर कधीही बंद करत नाही. १९९५ साली मर्सिडीझच्या एस-क्लासमधून बॉशची ही यंत्रणा रस्त्यावर आली. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या गाडीत ती असावीच लागते. स्टिअरिंग कुठे वळलंय आणि गाडी खरोखर कुठे वळतेय यातला फरक ओळखून ती एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावते. माणसाला हे शक्यच नाही, आपल्याला पॅडल एकच. पण असलेली पकड वाटून देणं एवढंच तिच्या हातात आहे. मी फक्त बर्फात रुतल्यावर, चाकांना जरा फिरू द्यायचं असतं तेव्हा, ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा, बटण दाबून बंद करते आणि सुटका झाली की परत चालू करते.

आता गाडी कुठे थांबते ते. तेरा सेंटिमीटरचा तळ म्हटलं की पंधरा सेंटिमीटर ताज्या बर्फात पुढचा बम्पर नांगरासारखा बर्फ ढकलतो, मग बर्फ पोटाखाली साचतो आणि गाडी त्यावर बसते. चाकांवरचा भारच गेला की टायर कितीही चांगले असोत, ती नुसतीच फिरतात. म्हणून बर्फ काढणारी गाडी येऊन गेल्याशिवाय मी निघत नाही. पाऊस पडता पडता रस्त्यावर गोठतो त्या दिवशीही नाही. पण तेव्हा कोणीच कुठल्याच गाडीने निघू नये. पारा शून्याच्या आसपास घुटमळत असेल तरी मी जास्त सावध असते, कारण बर्फावर पाण्याचा पातळ थर येतो आणि उणे पंधराच्या कडक थंडीतल्या बर्फापेक्षा तो जास्त निसरडा असतो.

बारीकसारीक त्रास आहेत. दारांना वरची चौकट नाही. दार उघडताना काच आपोआप जराशी खाली सरकते, आणि गोठून रबराला चिकटली असेल तर सरकत नाही. थंडीच्या आधी रबरांना सिलिकॉन लावून ठेवलं की हा प्रश्न येत नाही. रात्री हँडब्रेक ओढून ठेवत नाही, गोठून बसतो, त्यापेक्षा गाडी गिअरमध्ये ठेवलेली बरी.

खरी किंमत मिठाची आहे. रस्त्यावर टाकलेलं मीठ तळाच्या प्रत्येक सांध्यात शिरतं, आणि पारा शून्याच्या वर गेला की गंज जोरात काम सुरू करतो. दर वर्षी थंडीआधी तळाला तेलाचा थर आणि हिवाळाभर जमेल तेव्हा तळ धुणं, एवढं मी करते. तरी बोल्ट गंजतात. ज्यांना गाडी पुढची वीस वर्षं नव्यासारखी हवी आहे, त्यांनी ती झाकून ठेवावी. त्यांचं बरोबरच आहे. मला ती चालवायला हवी आहे. या गाडीत पुढची चाकं फक्त वळतात, ढकलायचं काम मागची करतात, म्हणून स्टिअरिंगमध्ये रस्ता स्वच्छ कळतो, आणि बर्फावर तो ताशी तीसलाच कळतो. उन्हाळ्यात एवढं ऐकू यायला ज्या वेगाने जावं लागेल, त्या वेगाने मी रस्त्यावर कधी जाणार नाही.

"मग मीही घेऊ का?" असं पुढे विचारलंत तर मी आधी तुमचा रस्ता विचारेन. तो वेळेवर साफ होतो का, घरापाशी खडा चढ आहे का, आणि वाईट दिवशी घरी राहायची मुभा तुम्हाला आहे का. ज्यांना रात्री-बेरात्री कसंही करून पोचावंच लागतं, त्यांना मी घरातली एकमेव गाडी म्हणून ही घ्या असं सांगणार नाही. बाकीच्यांनी खुशाल घ्यावी, आणि टायर पहिला बर्फ पडायच्या आधी बसवून घ्यावेत. पडल्यावर सगळेच दुकानात धावतात आणि हवं ते माप मिळत नाही.