पोकरमधला आपला दोष कसा ओळखावा?

"काका, नियम पाठ आहेत, कोणता हात कोणत्या हातावर भारी हेही कळतं, तरी शेवटी चिप्स दुसऱ्याच्याच पुढ्यात का जातात?" हा प्रश्न मला बेळगावच्या टिळकवाडीत आमच्याकडे पावसाळ्यात खेळायला बसणारी मंडळी आणि खानापूर-निपाणीकडचे तरुण वारंवार विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. आमचा खेळ पैशांविना, केवळ चिप्सवर चालतो. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्याला मनाई केली आहे, आणि शिकणाऱ्याने पैशांपासून दूरच राहावे असे माझे स्पष्ट मत आहे. आपले दोष शोधायला एक वही पुरते.

दोष शोधताना हार-जीत हे माप धरू नये, कारण एका रात्रीच्या निकालात नशिबाचा वाटा फार मोठा असतो. फ्लॉप, म्हणजे टेबलावरची सगळ्यांसाठीची पहिली तीन पाने, उघडण्यापूर्वीच एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीविरुद्ध सर्व चिप्सनिशी उतरली, तरी ती शंभरात सुमारे १८ वेळा हरते. त्या १८ वेळी खेळणाऱ्याचे काहीही चुकलेले नसते. उलट टर्नला, म्हणजे चौथे पान उघडल्यावर, पॉटमध्ये (मध्ये जमलेल्या ढिगात) २०० चिप्स असताना समोरच्याने २०० लावले आणि आपण केवळ रंग (एकाच रंगाची पाच पाने) पुरा होण्याच्या आशेवर कॉल केला, म्हणजे तितक्याच चिप्स टाकल्या, तर २०० टाकून एकूण ६०० मिळू शकत असल्याने निदान ३३ टक्के संधी हवी असते. न दिसलेल्या ४६ पानांपैकी आपल्या कामाची फक्त ९ असल्यामुळे ती २० टक्क्यांच्याही आत असते. पुढे आणखी चिप्स मिळण्याची खात्री नसेल, तर हा कॉल तोट्याचाच. मात्र पाचवे बदाम आले की तो डाव वर्षभर आठवतो, आणि न आलेले डाव दुसऱ्या दिवशीच विसरले जातात. वही हवी ती यासाठी.

आपल्या भागातल्या खेळाडूंचा सर्वांत मोठा दोष मला रिव्हरच्या, म्हणजे पाचवे आणि शेवटचे पान उघडल्यानंतरच्या, कॉलमध्ये दिसतो, आणि त्याचे मूळ तीन पत्तीत आहे असे मी मानतो. दिवाळीत तीन पत्ती खेळतच आपण मोठे झालो. तिथे दोघेच उरले की चिप्स टाकून शो मागायचा, ही रीतच असते. समोरच्याची पाने पाहिल्याशिवाय डाव संपला असे वाटतच नाही. तीच सवय पोकरच्या टेबलावर येते आणि हातात मधली जोडी असलेला माणूस "बघू तरी काय आहे ते" म्हणत मोठा कॉल करतो. पोकरमध्ये समोरच्याने फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत काय केले, याची पूर्ण हकिगत आपल्यासमोर असते, आणि कॉलचा निर्णय त्या हकिगतीवरून व्हायला हवा.

म्हणून मी सांगतो की महिनाभर फक्त रिव्हरचे कॉल लिहा. पॉट किती होता, किती लावावे लागले, आणि समोरच्याच्या कोणत्या हातांना आपण हरवत होतो, एवढेच. "तो फसवत असेल" हे उत्तर धरायचे नाही. फ्लॉपवर रंग किंवा सीक्वेन्सची आशा असलेले आणि शेवटी ती पुरी न झालेले कोणते हात तो असेच खेळला असता, ते नावानिशी लिहिता आले पाहिजे. ६०० च्या पॉटमध्ये समोरच्याने ३०० लावले असतील तर ३०० टाकून एकूण १,२०० मिळू शकतात, म्हणजे चारांत एकदा जिंकले तरी हिशेब बरोबर बसतो. त्यामुळे अशा चार कॉलपैकी तीन हरलेला माणूस चुकतच असेल असे नाही, आणि ज्याचा प्रत्येक कॉल बरोबर ठरतो तो बहुधा नको तितके हात टाकून देत असतो. ही बाजू कोणी फारशी पाहत नाही, याचे मला वाईट वाटते.

लिहिलेला डाव एखाद्या जाणत्या मित्राला दाखवावा, पण शेवटी कोण जिंकले ते त्याला सांगू नये. निकाल कळला की सल्ला त्या बाजूला झुकतो. आमच्याकडे हा नियम कटाक्षाने पाळतात, आणि कन्नड बोलणारे मित्रही त्याच वहीत आपले डाव लिहितात.

बाकीचे दोष त्याच वहीतून निघतात. कोणत्या जागेवरून हात खेळला ते नोंदवले, तर सर्वांत आधी निर्णय सांगावा लागतो तिथून राजा-गुलाम खेळणे किती महाग पडते ते लगेच दिसते. समोर एक्का-राजा निघाला तर तो हात जेमतेम चारांत एकदा जिंकतो. मोठा पॉट हरल्यानंतरचे दहा डाव वेगळे लिहावेत. त्यांत फोल्ड (हात टाकून देणे) एकदम कमी झालेले दिसले तर दोष पत्त्यांच्या समजेत नसून रागात आहे, आणि त्यावर मोठी हार झाली की निदान एक फेरी टेबलावरून उठणे एवढाच उपाय मला उपयोगी वाटतो.

दोष मात्र एका वेळी एकच हाती घ्यावा. रिव्हरचे कॉल कमी झाले की टेबलावरच्या इतरांच्या ते लक्षात येते आणि ते शेवटी मोठी रक्कम लावून आपल्याला पळवू लागतात. असे होऊ लागले की वहीत कॉलच्या शेजारी दुसरा रकाना आखावा आणि पुढचा महिना रिव्हरला टाकलेले हातही त्याच प्रश्नांसह लिहावेत.