शून्य, शून्य

रविवार, रात्रीचे साडेअकरा

शुक्रवारी भर दुपारी लाइट गेली आणि अर्ध्या तासाने आली. पंखा फिरला, फ्रिज घुरघुरला, पण आईचा अभंगांचा डबा मुका तो मुकाच. डबा म्हणजे रास्पबेरी पाय ३, पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर. दोन महिन्यांपूर्वी हौसेने घेतला आणि त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी एक सिस्टीम, शिकायला बसलो. शिकलो म्हणजे काय, तर दिसेल ती आज्ञा टाइप करायची आणि हात जोडायचे.

आई म्हणाली, "लाल दिवा लागलाय की. मग बिघडलंय काय त्याचं?"

प्रश्न बरोबर होता. पण लाल दिवा एवढंच सांगतो, की वीज पोचतेय. पाय ३ मध्ये व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं तर तोही विझतो. आतलं मेमरी कार्ड (सिस्टीम आणि अभंग सगळं त्यावरच) वाचलं जातंय का, हे हिरवा दिवा सांगतो. तो चार-दोनदा लुकलुकायचा आणि गप्प बसायचा.

मी लाइटीला शिव्या दिल्या, मग चार्जरला. तो मोबाइलचा जुना होता, याला ५ व्होल्ट २.५ अँपिअरचा लागतो. शनिवारी दुपारी नवी पेठ गाठली. एप्रिलचं ऊन, स्कूटरची सीट तव्यासारखी. नवा चार्जर लावला. काही फरक नाही.

मग कार्डावर संशय. लॅपटॉपात घातलं, तर विंडोज लगेच म्हणालं, ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करा. बोट बटणावर होतं. तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, शेजारच्या अण्णांच्या पोराला हाक मारली. इंजिनिअरिंगला आहे. तो जिन्यातूनच ओरडला, "काका, थांबा! विंडोजला लिनक्सचा भाग वाचताच येत नाही, म्हणून ते असं विचारतंय. त्यात सगळं आहे तुमचं." दोन महिने जमवलेले अभंग एका टिचकीवर होते. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

आज त्याने आईची मालिका बंद करवून (हे सोपं नव्हतं) डबा टीव्हीला जोडला. काळ्या पडद्यावर अक्षरं सरसर धावली आणि थांबली. कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याने हात टेकले. शेवटी 'अननोन ब्लॉक' आणि कंसात शून्य, शून्य.

तो म्हणाला, "कार्डाच्या दुसऱ्या भागावर, म्हणजे लिनक्सच्या भागावर, अडकलं असतं तर इथे १७९ आणि २ आलं असतं. शून्य म्हणजे कुठे जायचं हे त्याला कुणी सांगितलंच नाही. पत्ता न लिहिलेलं पाकीट. काका, कुठल्या फाइलला हात लावला होता?"

"नाही रे," म्हणालो. आणि मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. सुरू होताना तिथे चार रास्पबेरी दिसायच्या, प्रोसेसरच्या एकेका कोअरची एक. त्या नव्हत्या. त्या मीच काढल्या होत्या! पंधरा दिवसांपूर्वी 'सीएमडीलाइन' नावाच्या, सुरू होतानाच्या सूचना असलेल्या फाइलमध्ये अगदी सुरुवातीला 'लोगो डॉट नोलोगो' (म्हणजे चित्रं नकोत) लिहिलं आणि सवयीने एंटर दाबलं. त्या फाइलमध्ये सगळं एकाच ओळीत लागतं, पुढच्या ओळीकडे कुणी बघत नाही. कार्डाचा पत्ता गेला दुसऱ्या ओळीत. डबा तेव्हापासून बंदच केला नव्हता, म्हणून कळलं नाही. लाइट गेली नसती तर आणखी दोन महिने मी हुशारच राहिलो असतो.

ही फाइल कार्डाच्या पहिल्या भागात असते आणि तो भाग विंडोजला दिसतो. कर्सर नेला, एकदा बॅकस्पेस, मध्ये एक स्पेस. दीड मिनिटात डबा सुरू. चारशे रुपयांचा चार्जर आता आहेच. पोराला शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून दिली, दुसरं काय देणार.

मुद्दाम दोनदा रीबूट करून पाहिला. सगळं ठीक. झोपायला म्हणून आत आलो, तर बाहेर टक् करून आवाज. आईने भिंतीवरचं बटण बंद केलं होतं. "रात्रभर कशाला जाळतोस दिवा?"


आता त्या बटणावर चिकटपट्टी लावून आलोय.