नॉर्मंडीचा पिशे हाती लागला

पॅरिसजवळ शातूला वसंतात आणि शरदात जुन्या वस्तूंची मोठी जत्रा भरते. या खेपेला तिथे हवा तसा नॉर्मंडीचा पिशे मिळाला, म्हणजे प्यूटर या कथिलाच्या मिश्रधातूचं, कान आणि झाकण असलेलं ओतायचं भांडं. फुगीर पोट, आवळलेला गळा, बदामाच्या आकाराचं झाकण आणि ते अंगठ्याने उचलायला ओकची दोन बोंडं. ही ठेवण एकदा डोळ्यांत बसली की लांबूनही ओळखू येते.

पण नुसत्या ठेवणीवर मी आता भांडं घेत नाही, कारण तीच ठेवण विसाव्या शतकात सजावटीसाठी भरपूर काढली गेली आणि मुद्दाम काळवंडूनही विकली गेली. आधी झाकण उघडायचं आणि टॉर्च आत मारायचा. या पिशेचा कान अंगाला जिथे जोडलाय, बरोबर त्याच्या मागे आतून कापडाच्या विणीचा ठसा आहे, उभे-आडवे धागे वेगळे दिसावेत इतका स्वच्छ. वितळलेलं प्यूटर ओतून कान थेट अंगावर जोडताना पातळ भिंत खचू नये, म्हणून कारागीर आतून वाळूची पुरचुंडी दाबून धरत. त्या फडक्याचीच ही खूण. मला ती कुठल्याही नक्षीपेक्षा प्यारी आहे.

दारूच्या दुकानांतल्या दंडगोल मापांची उतरंडही हळूहळू लागते आहे. लिटर, अर्धा लिटर, दोन डेसिलिटर, एक डेसिलिटर झाले. अर्धा डेसिलिटर आणि त्याखालची दोन चिमुकली राहिलीत. यांची उंची व्यासाच्या दुप्पट असायलाच हवी, असा नियमच होता. 1 जानेवारी 1840 पासून फ्रान्समध्ये दशमान मापं सक्तीची झाली आणि दरवर्षी तपासणी करून माप बरोबर असल्याचं त्या वर्षाचं अक्षर ठोकलं जाई. माझ्या लिटरच्या काठाजवळ अक्षरांची इतकी दाटी आहे की काही एकमेकांवर चढलीत. ती भिंगाखाली लावत बसलं की संध्याकाळ कशी सरते कळत नाही.

निव्वळ शोभेच्या भांड्यांत माझा जीव फ्रांस्वा ब्रिओ या प्यूटरच्या कारागिरावर. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याने केलेलं संयमदेवीचं ताट लूव्ह्रमध्ये आहे. विम्बल्डनच्या महिला विजेतीला मिळणारी चांदीची थाळी त्याच्याच नक्षीवर बेतलेली. त्या ताटाच्या एकोणिसाव्या शतकातल्या प्रती बाजारात येतात, पण माझी नजर झ्यूल ब्रातोवर आहे. नक्षीदार प्यूटरला त्या शतकाच्या शेवटी पुन्हा मान मिळवून देणाऱ्यांत तो अग्रणी. त्याचा एखादा छोटा पेला परवडला तरी खूप.

निगेबद्दल एवढंच. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, बस्स. आपल्याकडे कल्हईला लागतं तेच कथील यात मुख्य, म्हणून चिंच-राख लावून चकाकी आणायचा मोह होतो. तो टाळा, दीडशे वर्षांची करडी झाक पुन्हा येत नाही. जुन्या प्यूटरमध्ये शिसं असतं, त्यामुळे त्यातून पिऊ नका. आणि ओकच्या बंद कपाटात ठेवू नका. त्या लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसं पांढरं पडून झिजतं. माझी सगळी भांडी म्हणूनच काचेच्या फळ्यांवर हलवली आहेत.

आता लिल शहरातल्या सप्टेंबरच्या ब्रादरीत, म्हणजे जुन्या वस्तूंच्या रस्त्यावरच्या बाजारात, अर्धा डेसिलिटर शोधणार. अक्षरं वाचता येत असतील, तर पोचा आलेला असला तरी चालेल.