आमची वाटचाल : खाटेचा दर, नगाचा दर, किलोचा दर

आमची फर्म सरकारी रुग्णालयांचे कपडे धुते. चादरी, उशांचे अभ्रे, ब्लँकेटं, ऑपरेशन थिएटरमधले हिरवे गाऊन, होल टॉवेल, बाळंतिणींच्या खोलीतल्या लेगिंग्ज, म्हणजे पायांवर चढवायची कापडं. बार्शीबाहेर आमची शेड आहे. तिथं मोठी वॉशर मशिनं, एक हायड्रो (कपडे पिळायचं मशीन), एक ड्रायर आणि छोटा बॉयलर आहे. माझे सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, खासगी दवाखान्यांची भट्टी लावायचे. कापडावर बिब्ब्याची खूण करायचे. एका डॉक्टरची रेघ, दुसऱ्याची फुली. बार्शीत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे धुणंही कधी कमी पडलं नाही. दर नगावर, हिशेब महिन्याच्या महिन्याला. सरकारी काम घेतलं की पैसे अडकलेच, असं आप्पांचं ठाम मत होतं. ते अगदीच चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

सरकारी कामाकडे आम्ही वळलो ते ‘कायाकल्प’मुळे. केंद्राची ही योजना २०१५ साली आली आणि रुग्णालयांच्या स्वच्छतेला गुण मिळायला लागले. चादर रोज बदलते का, रक्ताचे कपडे वेगळे ठेवतात का, धुलाईची नोंदवही आहे का, हे तपासायला बाहेरचे लोक यायला लागले. दुसरीकडे रुग्णालयातला जुना धोबी निवृत्त झाला, तर ती जागा भरायचं कुणी नाव घेईना. मग बाहेरून काम करून घेण्याला पर्याय राहिला नाही. आमचा जिल्हा सोलापूर असला तरी बार्शी अशी कडेला की धाराशिव, बीड, लातूर सगळंच गाडीच्या टप्प्यात. पहिलं काम शेजारच्या एका जिल्ह्यातल्या उपजिल्हा रुग्णालयाचं मिळालं. ते कोटेशनवरचं होतं आणि पैसे रुग्ण कल्याण समितीच्या, म्हणजे रुग्णालयाच्याच समितीच्या, खात्यातून यायचे.

कोटेशनचं काम आणि निविदेचं काम यांत फरक काय, असं मला नव्याने धंद्यात आलेली मुलं विचारतात. डिजिटल सही, बयाणा रक्कम, तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा, हे सगळं सायबर कॅफेवालाही शिकवतो. महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या निविदांच्या संकेतस्थळावर, लॉगिन करून बीओक्यूची, म्हणजे दरपत्रकाची, एक्सेल शीट भरणं म्हणजे निविदा समजणं नव्हे. निविदा हा शेवटचा कागद. तो निघेपर्यंत काम किती, पैसे किती, दर कशावर द्यायचा हे सगळं ठरून गेलेलं असतं.

ठरतं कुठं, तर आराखड्यात. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हापासून जिल्हे ‘पीआयपी’, म्हणजे कामांचा आणि खर्चाचा आराखडा, करतात, आधी तो दरवर्षी व्हायचा. रुग्णालयाने मागणी लिहायची, ती तालुक्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून मुंबईला, तिथून दिल्लीला. दिल्लीत बैठक होऊन ‘आरओपी’, म्हणजे मंजुरीचा कागद, येतो. त्यात मागितले किती, मंजूर किती आणि शेजारी शेरा. २०२२-२४ पासून हा आराखडा दोन वर्षांचा एकदम होतो. म्हणजे एखादा आकडा कमी लिहिला गेला, तर तो दोन वर्षं मानगुटीवर बसतो. राज्याच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातले पैसे वेगळे, पण तिथंही हाच प्रकार: आधी कुणीतरी मोजून लिहावं लागतं.

आणि मोजलं जातं ते खाटांवर. प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे ६ खाटा, ग्रामीण रुग्णालय म्हणजे ३०, उपजिल्हा म्हणजे ५० किंवा १००. मंजूर खाटा गुणिले दर गुणिले दिवस, झाला खर्चाचा अंदाज. कागदावर एकदम स्वच्छ. प्रत्यक्षात पावसाळा सरता सरता तापाची साथ आली की पन्नास खाटांच्या रुग्णालयात व्हरांड्यात गाद्या पडतात. त्या गाद्यांवरच्या चादरी कुणाच्या हिशेबात? शिवाय खाट आणि खाट सारखी नसते. पुरुष मेडिकल वॉर्डातली चादर घामाची आणि वरणाच्या डागाची. प्रसूती विभागातली वेगळी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला, सरकारी दवाखान्यातली बाळंतपणं आणि सिझर फुकट झाली. चांगलंच झालं. पण एका सिझरचं गाठोडं सोडून बघा. गाऊन, शीट, टॉवेल, लेगिंग्ज, सगळं रक्ताने कडक झालेलं. ते आधी गार पाण्यातून काढायचं, कारण गरम पाणी आधी लागलं की रक्ताचा डाग कायमचा बसतो. मग जंतुनाशक, मग गरम धुणं. ७१ अंशांवर २५ मिनिटं हा नेहमी सांगितला जाणारा मापदंड आहे, आणि तेवढा वेळ पाणी तापलेलं ठेवायचं म्हणजे बॉयलर सतत पेटता हवा. खाटेच्या दरात हे कुठंच दिसत नाही.

गाठोड्यात आणखीही काही निघतं. आर्टरी फोर्सेप (रक्तवाहिनी धरायचा चिमटा), कात्री, एकदा तर टाके घालायची सुई. म्हणून आमच्या शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या पगाराआधी हिपॅटायटिस बी ची लस सुरू होते. निविदेत लिहिलेलं असो वा नसो. सापडलेली हत्यारं आम्ही डब्यात घालून, सही घेऊन परत करतो. पहिल्यांदा केली तेव्हा थिएटरच्या सिस्टर रागावल्या, कारण त्यांच्या नोंदीत सगळी हत्यारं जागेवर होती!

त्या पहिल्या उपजिल्हा रुग्णालयाची पहिली रीतसर निविदा निघाली तेव्हा दर होता खाटेवर, महिन्याला. निविदापूर्व बैठकीला बहुतेक ठेकेदार सही करून चहा पिऊन जातात. आम्ही वॉर्डाच्या धोबीवहीची उताऱ्याची पानं घेऊन गेलो. सकाळी सातला वॉर्डातल्या मावशी आणि आमचा मुलगा समोरासमोर नग मोजतात, इन्चार्ज सिस्टर सही करतात, ती ही वही. त्यात महिन्याचा भार स्पष्ट दिसत होता. अधिसेविका, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख, बाईंनी वही उलटून पाहिली आणि साहेबांना म्हणाल्या, “हे खरंय. आमचं स्टॉक रजिस्टरही हेच सांगतं.” शुद्धिपत्रक निघालं, दर नगावर आला, साधे कपडे आणि रक्ताळलेले कपडे असे दोन भाग पडले. ते काम आम्हाला मिळालं. स्वस्त होतो म्हणून मिळालं, उगाच बढाई नको. पण खाटेचाच दर राहिला असता तर त्याच आकड्यात आम्ही बुडालो असतो.

पुढच्या एका निविदेत दर किलोवर होता. तिथं माझा प्रश्न एकच होता: वजन कधीचं? धुण्याआधीचं की धुऊन वाळवल्यानंतरचं? ओलं, रक्ताने भिजलेलं ब्लँकेट आणि कोरडं ब्लँकेट यांच्या वजनातला फरक ज्याने उचलून पाहिलाय त्यालाच कळेल. ओल्यावर दर धरला तर रुग्णालय बुडतं, कोरड्यावर धरून काटा रुग्णालयाचा नसेल तर भांडणं होतात. शेवटी कोरडं वजन, रुग्णालयाच्या काट्यावर, असं ठरलं.

मी वेळ मिळाला की दुसऱ्यांच्या निविदा वाचते, घरचे हसतात. पण शिकायला तिथंच मिळालं. डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ चा. त्यात जागा, वीज, पाणी रुग्णालयाचं. मशीन, पाणी शुद्ध करायची यंत्रणा आणि माणसं ठेकेदाराची. कोण काय देणार याची सरळ वाटणी. कपड्यांच्या निविदेत पाण्याचा शब्दसुद्धा नसतो. बार्शीत उन्हाळ्यात टँकर लागतो आणि बोअरच्या क्षाराने चादरी पिवळ्या पडतात, तर दंड आमच्यावर! वैद्यकीय यंत्रांच्या देखभालीचा कार्यक्रम २०१५ चा, तो मला त्याहून आवडतो. जिल्हा रुग्णालयात यंत्रं ९५ टक्के वेळ चालू, सामुदायिक आरोग्य केंद्रात ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के, अशी अट. मोजायचं ते काम झालं की नाही यावर. कपड्यांतही तसंच करता येईल: वॉर्डाच्या कपाटात सकाळी आठ वाजता धुतलेले जोड किती, एवढं मोजा. रुग्णाला त्याच्याशी मतलब असतो.

कोविडबद्दल थोडक्यात. २०२० मध्ये निविदा बाजूला पडल्या, फोनवर काम आलं, पीपीई घालून पोरांनी बॉयलरजवळ उभं राहून धुतलं. बिलं नंतर निघाली.

बिलांचं म्हणाल तर आप्पांचं मत खरं करणारे बरेच प्रसंग आले. २०२४ मध्ये आधी लोकसभेची आचारसंहिता, मग विधानसभेची. आमची एक मुदतवाढ त्यात अडकली, काम मात्र चालूच होतं, कारण चादरी थांबत नाहीत. छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा २००६ चा आहे. त्यात ४५ दिवसांत पैसे, नाहीतर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. सरकारच्या पोर्टलवर तक्रारही करता येते. पण ज्या कार्यालयाच्या दारात उद्या पुन्हा अनुभव प्रमाणपत्र मागायला जायचंय, त्याच्याविरुद्ध छोटा माणूस तक्रार करत नाही. कायदा करणाऱ्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. आम्ही एवढंच करतो की चार महिन्यांचा खर्च पेलेल एवढीच कामं घेतो. त्यामुळे वाढ हळू झाली.

गेल्या काही वर्षांत नवी अडचण आली आहे. सफाई, धुलाई, सुरक्षा, सगळं एका गठ्ठ्यात बांधून कित्येक जिल्ह्यांची मिळून एकच निविदा काढायची. कार्यालयाला एकाच ठेकेदाराशी बोलावं लागतं, ते सोपं. पण उलाढालीची अट अशी की आमच्यासारख्याने दारातूनच परत फिरावं. मग काम घेणारी कंपनी बाहेरची, प्रत्यक्ष धुणारे आम्हीच, आणि मधल्या मध्ये दर निम्मा. अशा एका गठ्ठ्यात आम्ही वर्षभर पोटठेकेदार होतो. बिब्ब्याच्या खुणेपासून ज्यांनी हा धंदा केला त्यांच्या नातवाला कागदावर ‘मनुष्यबळ’ म्हणून दाखवलं गेलं. ते वर्ष संपल्यावर नूतनीकरणाला आम्ही नकार दिला.

सध्या आमच्याकडे तीन रुग्णालयं थेट आहेत. तिन्ही ठिकाणी दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत आम्ही अधिसेविकांना एक पानाचा गोषवारा देतो: विभागवार नग, त्यातले रक्ताळलेले किती, फाटून बाद झालेले किती, गर्दीच्या दिवशी कपाटात किती जोड उरले. याचे पैसे कुणी देत नाही. पण आराखडा भरायच्या वेळी लिपिकाच्या टेबलावर हेच पान असलं तर तो मंजूर खाटांना गुणत बसत नाही. एका रुग्णालयाने यंदा या पानावरून चादरींचे जादा जोड मागितलेत. दुसऱ्या ठिकाणी रक्ताळलेल्या कपड्यांचा वेगळा रकाना नमुन्यात घ्यावा अशी विनंती आम्ही लेखी दिली आहे. तिसऱ्या ठिकाणचे साहेब नुकतेच बदलून गेले, तिथं नव्या साहेबांना वही दाखवायला पुढच्या आठवड्यात जायचंय.