अ‍ॅकॉर्ड हायब्रिडच्या जागी काय घ्यावं?

होंडाने अ‍ॅकॉर्ड हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी) ऑक्टोबर 2016 मध्ये आपल्याकडे आणली, तेव्हा शोरूमची किंमत 37 लाख होती. पुढच्याच वर्षी जीएसटी आला आणि हायब्रिडवर सेससकट 43 टक्के कर बसला. 2020 मध्ये बीएस-6, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, लागू झाले अन् गाडी बाजारातून गेलीच. आमच्या दारात मात्र ती राहिली. जालन्यात दवाखाना आणि संभाजीनगरला सततचं जाणं-येणं, हे सगळं मी तिच्यावरच केलं.

बदलायची वेळ आली ती आत्याबाईंच्या गुडघ्यांमुळे. सेडान खाली बसलेली. आत जाताना त्या कशाबशा टेकायच्या, उतरताना मात्र दोघांनी हात धरावा लागायचा.

या गाडीत मला नेमकं काय आवडतं, ते आधी स्वतःशीच स्पष्ट केलं. मायलेज नव्हे. शहरात तिचं इंजिन फक्त वीज तयार करतं, चाकं मोटर फिरवते. हमरस्त्याच्या वेगाला क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. गिअरबॉक्सच नाही. त्यामुळे संभाजीनगरच्या जालना रोडवर सेव्हन हिल्स ते क्रांती चौक, संध्याकाळी सातला, दर शंभर पावलांवर थांबत निघालं तरी एक हिसका बसत नाही आणि बऱ्याचदा इंजिन चालूही नसतं. दिवसभर ओपीडी करून आलेल्या माणसाला ही शांतता किती मोलाची वाटते, ते कागदावरच्या आकड्यांत दिसत नाही.

म्हणून शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला मोकळ्या रस्त्यावर न्यायला लागले की मी म्हणायचे, "तिकडं नको, जालना रोडला घ्या, सिग्नलवरून." पोरं जरा नाराज व्हायची. पण समृद्धीवर 120 ला सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात. त्या वेगाला हायब्रिडचा फायदाही आटतो, कारण ब्रेक लावल्यावर तयार होणारी वीज बॅटरीत परत जाते, आणि तिथे ब्रेकच लागत नाही तर परत येणार काय?

पूर्ण इलेक्ट्रिकचा विचार लवकर सोडला. गावी अंबडकडे रात्री लाईट कधी जाईल याचा नेम नाही. जर्मन गाड्यांचं तर पाहुणेच सुचवत होते. 2010 मध्ये औरंगाबादकरांनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, तो किस्सा प्रत्येकाने नव्याने सांगितला. मला हायब्रिडच हवी होती.

होंडाचीच सिटी हायब्रिड चालवली. 2022 पासून मिळते, तंत्र आमच्याच गाडीचं, इंजिन दीड लिटरचं. स्टेअरिंग धरलं अन् ओळखीचं वाटलं. पण आत्याबाई मागे बसल्या आणि उतरताना पुन्हा तेच, "धर गं जरा." टोयोटाची नवी कॅमरी हायब्रिड त्याहून कितीतरी सुंदर, अडीच लिटरचं इंजिन, 230 पीएसची ताकद, मागची सीट तर झोप यावी अशी. खरं सांगायचं तर जीव तिच्यातच अडकला होता. पण डिसेंबर 2024 मध्ये आली तेव्हाच शोरूमला 48 लाख, आणि शेवटी तीही सेडानच.

मग टोयोटाचीच इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड. जुन्या इनोव्हाची बॉडी शिडीसारख्या चासीवर, म्हणून पाय उंच टाकावा लागायचा. ही मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि चासी एकसंध, आणि पुढच्या चाकांवर चालणारी, त्यामुळे तळ बराच खाली. आत्याबाईंनी आधी दाराचं हँडल धरलं, मग पदर सावरला, एक पाय आत ठेवला आणि सरळ सीटवर बसल्या. उतरल्यासुद्धा एकट्याच. "याच्यात बसायलाबी येतं अन् उतरायलाबी," एवढंच म्हणाल्या. घरात निकाल तिथेच लागला.

मला मात्र तडजोड दिसत होती. सिग्नलवर ती अ‍ॅकॉर्डसारखीच मुकाट निघते, पण अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की इंजिन ओरडतं, आणि खडबडीत डांबरावर टायरचा आवाज आत येतो. लिटरला 23.24 किलोमीटर हा कंपनीचा आकडा. तेवढं रोज मिळेल असं मी धरलेलं नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून हायब्रिडवरच्या कराचे 43 चे 40 टक्के झाले, त्यानंतरच बुक केली. हायक्रॉसच्या व्हीएक्स प्रकारात आठ सीटही मिळतात. आम्ही पाय वर ठेवायची सोय असलेली झेडएक्स घेतली, तिच्यात सातच. रंगावर दोन दिवस घरात वाद चालला. मी पांढऱ्यावर अडून बसले. मराठवाड्यातल्या मे महिन्यात काळी गाडी उन्हात लावणाऱ्याला माझा लांबूनच नमस्कार.